महिन्याचं अंगण

१

फ्रिजवरचं ते कॅलेंडर माझ्या मुलीनं, नोरीननं लावलं. काउंटीच्या शेतकी कार्यालयात ते फुकट मिळतं. त्याच्यावर चित्र नाही, बायबलचं वचन नाही, नुसती वर्षभराची कामं. जानेवारीत माती तपासून घ्या. फेब्रुवारीअखेर तण उगवू नये म्हणून औषध टाका. मेमध्ये मोकळ्या जागी गवताचे गड्डे लावा. उन्हाळाभर आठवड्याला इंचभर पाणी द्या. मी गावच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले, तेव्हा इंच म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण नोरीनपुढं तोंड उघडायची सोय नव्हती, कारण नोव्हेंबरात मी माती खाल्ली होती.

झालं असं, की मी अंडी आणायला निघालो आणि चाळीस मैलांवरच्या एका पेट्रोल पंपावर सापडलो. अंडी घेतलेली होती. शेजारच्या सीटवर पट्टा लावून नीट बसवलेली होती. पण तिथं कसा पोचलो ते मला आजही सांगता येत नाही. दोन दिवसांनी नोरीन अटलांटाहून आली आणि येताना एका वृद्धाश्रमाचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आली. त्याच्या पहिल्या पानावर एक म्हातारा कुंडीला पाणी घालत हसत होता. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं, ते मला फोटोतही कळलं.

आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी तिनंच तोड काढली. माझी बायको व्हर्ना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि तिची हिरवळ मी वाऱ्यावर सोडली होती. आमच्या दक्षिण जॉर्जियात गोमगवत लावतात. जमिनीलगत गोमेसारखे पाय रोवत ते पसरतं. फार लाड केले तर मरतं, म्हणून त्याला आळशाचं गवतही म्हणतात. व्हर्नानं ते गुडघ्यांवर बसून एकेक गड्डा लावून वाढवलं होतं.

“एक वर्ष देते,” नोरीन म्हणाली. “पुढच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येईन. अंगण आईच्या वेळी होतं तसं दिसलं, तर तो विषय मी परत काढणार नाही. नाही दिसलं, तर तुम्ही माझ्याबरोबर यायचं, डॅडी. कुरकुर न करता.”

मी कबूल केलं. घरातला पसारा दाराआड लोटता येतो, अंगण कुठं लोटणार, असा तिचा विचार होता आणि तो मला पटला. ह्या घरातून मला उचललं तर मी फार दिवस काढणार नाही, हे तिला बोललो नाही. पण मला ते ठाऊक होतं.

२

जानेवारीत गवत झोपलेलं असतं. सगळं आवार वाळक्या पेंढ्याच्या रंगाचं. सांगितल्याप्रमाणे मी बादली आणि खुरपं घेऊन निघालो. दहा ठिकाणची चार-चार इंच खोल माती काढायची, कालवायची, कागदी पिशवीत भरून कार्यालयात द्यायची. नवव्या ठिकाणी, मागच्या पायरीसमोर, माती काढायला वाकलो आणि तिथं गवतच नव्हतं.

पायपुसण्याएवढी जागा असेल. पांढरी वाळू उघडी पडलेली. आमच्याकडं आर्मडिलो नावाचे कवचवाले प्राणी जमीन उकरतात, पण ते खड्डे करतात. इथं खड्डा नव्हता. जागा सपाट होती, काडी नाही की पान नाही, आणि वाळूवर पंख्यासारख्या वळलेल्या बारीक रेषा होत्या.

मी उगाच बुटाच्या टोकानं त्या पुसल्या. मग दहाव्या ठिकाणची माती घेतली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. माती उत्तम, आंबटपणा जसा हवा तसा, चुना अजिबात घालू नये. मी तो कॅलेंडरशेजारी चिकटवला आणि जानेवारीपुढं खूण केली. पायरीसमोरच्या रेषा दुसऱ्याच दिवशी परत आल्या होत्या. पण मी म्हटलं, पहाटे वारा असतो. पायरीच्या कोपऱ्यात वारा घुमत असेल. मला हे पटत नव्हतं, तरी मार्चपर्यंत मी हेच म्हणत राहिलो.

३

मेपर्यंत ती जागा जेवणाच्या टेबलाएवढी झाली. भोवतालचं गवत मात्र हिरवंगार उठलं होतं, त्यामुळं ती आणखीच डोळ्यांवर यायची.

पुढच्या वाफ्याकडून मी साठ गड्डे काढले आणि वीतभर अंतरानं मागं लावले. गुडघे बोलायला लागले, पण काम चांगलं झालं. पाणी मोजायला टुना माशाचा रिकामा डबा ठेवला, तो भरला की इंच झाला. सकाळी कॉफी घेऊन दार उघडलं, तर साठही गड्डे पायरीवर. एकावर एक रचलेले. मुळांची माती झटकून टाकलेली. वाळूवर पुन्हा त्या रेषा.

त्यातला एक गड्डा मी शेतकी कार्यालयात नेला. तिथल्या पोरगेल्या साहेबानं भिंगातून बघितला आणि म्हणाला, “निरोगी आहे काका, काहीच झालेलं नाही. जमिनीत बिळं करणारे किडे असतील तर साबणाचं पाणी ओतून बघा, दोन मिनिटांत वर येतात.” मी बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. दोन मिनिटं, दहा मिनिटं, खुर्ची घेऊन तासभर बसलो. काही वर आलं नाही. वाळूनं पाणी पिऊन टाकलं.

तिथं बसल्या-बसल्या मला त्या रेषांची ओळख पटली. खरं तर जानेवारीतच पटली होती, मी मनावर घेतलं नव्हतं.

माझ्या लहानपणी अंगणात गवत दिसलं तर लोक म्हणायचे, ह्या घरची बाई आळशी. माझी आई गॉलबेरीच्या झुडपाच्या फांद्या तोडून खराटा बांधायची आणि घराभोवतीचं सगळं अंगण पांढरंफेक झाडून ठेवायची. साप आला तर दिसावा म्हणून, आणि कोण येऊन गेलं ते पावलांवरून कळावं म्हणून. ती झाडायची उलटं चालत. आपलीच पावलं आपण पुसत मागं यायचं, शेवटचा फटकारा पायरीपाशी मारायचा आणि घरात शिरायचं. रेषा कुठं संपतात त्यावरून झाडणारा कुठं गेला ते समजतं.

मी खुर्चीवरून उठून रेषा बघितल्या. त्या उघड्या जागेच्या पलीकडच्या काठापासून निघून त्या एकामागं एक वळत आल्या होत्या आणि माझ्या पायरीला टेकून संपल्या होत्या.

मागच्या दाराला मी रोज आतून कडी लावतो. आदल्या दिवशीही लावली होती. सकाळी काढताना ती लागलेलीच होती.

४

मी सगळ्या खोल्या बघितल्या. भर सकाळी, दहा वाजता, सगळे पडदे उघडून. आपलंच घर चोरासारखं हिंडताना मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. स्वयंपाकघर, बैठक, माझी झोपायची खोली. व्हर्नाची शिवणखोली मी सहसा उघडत नाही. तिथं मशीनवर तिनं अर्धवट सोडलेलं उशीचं कापड तसंच आहे.

दार ढकललं तर दारामागं काहीतरी सरकलं. कोरडं, हलकं. भिंतीला टेकवलेला खराटा आपसूक घसरावा तसा आवाज. मी दार पूर्ण उघडलं, मागं बघितलं. भिंत होती. खाली चिमूटभर पांढरी वाळू आणि एक वाळलेलं, काठाला बारीक दाते असलेलं पान.

गॉलबेरी आमच्या गल्लीत कुठंही नाही. घरात खराटाही नाही, माझी आई गेल्यापासून मी खराटा हातात धरलेला नाही. मग मला वाटलं, आपण धरला असेल तर? अंडी घेतलेलीही मला कुठं आठवत होती?

मला खरी भीती वाटली ती तिथं. घरात कुणी असेल ह्यापेक्षा, कुणी नसेल ह्याची भीती जास्त होती. कुणी नसेल तर हे सगळं मीच करत होतो, आणि नोरीनचं खरं होतं.

५

शेवटी मी शेजारच्या लवॉनला विचारायचं ठरवलं. लवॉन पीकॉक माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, व्हर्नाची मैत्रीण, गावच्या बागमंडळाची अध्यक्ष. दर गुरुवारी कुंपणावरून मला काहीतरी देते. त्या गुरुवारी पावट्यांची भाजी आणि मक्याचा पाव होता.

तोवर जून उजाडला होता आणि मागच्या अंगणात एक पातं शिल्लक नव्हतं. निदान मला तरी दिसत नव्हतं.

“लवॉन,” मी म्हटलं, “तू बागमंडळाची. खरं-खरं सांग. माझं मागचं अंगण तुला कसं वाटतं?”

तिनं कुंपणावर हात ठेवून बघितलं. घाई केली नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं.

“छान दिसतंय, अल्टन,” ती म्हणाली. “अगदी छान दिसतंय. व्हर्नाला बरं वाटलं असतं.”

मी ताटली घेऊन घरात आलो आणि टेबलाशी बसलो. भाजी गार झाली. लवॉनची दृष्टी शाबूत आहे, चर्चच्या शेवटच्या बाकावरून ती पुढच्याची टोपी ओळखते. तिला हिरवळ दिसते आणि मला वाळू दिसते. दोघांपैकी अंडी घेऊन भलतीकडं कोण गेलं होतं? तेव्हा चूक कुणाच्या नजरेत असणार हे उघड होतं.

तरी फोनमध्ये फोटो काढून बियाण्यांच्या दुकानदाराला दाखवला. त्यानं चष्मा लावला, काढला, पुसला आणि छानच आहे म्हणाला. टपालवालाही छानच म्हणाला. चर्चमधल्या पाद्र्यांनी तर माझा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बागमंडळाच्या चार बायका टोप्या घालून आल्या. लवॉन पुढं होती. त्यांच्याकडं ती तारेच्या पायांची पाटी होती, ‘महिन्याचं अंगण’, हिरव्या अक्षरांत; मंडळ दर महिन्याला गावातलं सगळ्यात छान अंगण निवडून तिथं ती रोवतं. व्हर्नानं त्या पाटीची बारा वर्षं वाट बघितली, तिला एकदाही मिळाली नव्हती. लवॉननं पाटी पुढच्या अंगणात रोवली. गवतात तार खुपसली की मुळं तुटल्याचा कचकच आवाज येतो. तो आला नाही. तार लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं डोळे टिपले. मीही टाळ्या वाजवल्या.

६

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कॅलेंडरवर ठेवायचा, असं ठरवून टाकलं. ऑगस्टात दर शनिवारी गवत कापायचं लिहिलं होतं, मी कापलं. मशीन दोन इंचांवर लावून पुढं-मागं ओळी काढायचो, आणि मला दिसायचा नुसता धुरळा. तो माझ्या भुवयांवर बसायचा. लवॉन खिडकीतून हात करायची, मीही करायचो. मग टुनाचा डबा भरेपर्यंत वाळूला पाणी. सप्टेंबरचं शेवटचं खत. ऑक्टोबरात पानं गोळा करायची होती, पण पानं कुणीतरी आधीच नेलेली असायची.

सकाळी उठलो की चादरीत पायांपाशी वाळू लागायची. खालच्या लाकडी जमिनीवर अगदी बारीक रेषा. आधी त्या मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत असायच्या. मग बैठकीपर्यंत आल्या. नोव्हेंबरात त्या माझ्या पलंगापाशी संपायला लागल्या. मी त्यांच्यावर पाय न देता उतरायचो. कॉफी करायचो, मक्याच्या कण्या शिजवायचो, आणि जेवढं कॅलेंडर सांगेल तेवढंच करायचो. कुणाला काही बोललो नाही. थोडेच दिवस राहिले होते. एवढं नजरेआड केलं की घर माझं राहणार होतं.

७

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अकरा वाजता नोरीन आली. सणासाठी रताळ्याचं गोड पक्वान्न आणलं होतं. गाडी आत न घेता रस्त्यावरच ठेवली आणि तिथंच दाराला धरून उभी राहिली. मी ओसरीवरून बघत होतो. बोलायचं काय, ते मी आठवडाभर घोकलं होतं.

ती चालत माझ्यापर्यंत आली.

“छान दिसतंय, डॅडी,” ती म्हणाली.

मला रडूच आलं. मी तिला मिठी मारली आणि घोकलेलं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, परवा दव गोठलं म्हणून जरा पेंढ्यासारखं झालंय, ह्या दिवसांत होतंच. एप्रिलमध्ये बघ कसं उठतं ते. पुढं ओकच्या सावलीत थोडं विरळ आहे, तिथं मेमध्ये गड्डे लावीन. मागं मात्र गालिचा झालाय, आईच्या वेळेपेक्षा दाट.

ती खाली बसली, बूट काढला आणि पायरीवर उलटा केला. त्यातून पांढऱ्या वाळूची धार पडली. मग दुसरा बूट.

मी त्या ढिगाकडं बघत राहिलो.

“कुठं गेलं गवत, डॅडी?” ती हळू म्हणाली. “एक पातंसुद्धा नाहीये.”

“लवॉन तर म्हणाली...”

“मिस लवॉन मला जूनपासून फोन करतायत. तुम्ही वाळूवर मशीन फिरवायला लागलात, तेव्हा त्या रडत होत्या. तोंडावर कसं सांगायचं म्हणाल्या. पाटी लावली की तुम्हाला बरं वाटेल, असं सगळ्यांचं ठरलं.”

व्हर्ना गेली तेव्हा शवपेटीत तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी नारिंगी रंग फासला होता, आणि सगळं गाव रांगेनं येऊन छान दिसतेय म्हणून गेलं होतं. मीही म्हटलं होतं. माझा जन्म ह्या गावात गेला, तरी मला हे सुचलं नाही. वर्षभर माझे डोळे ठीक होते. मी वाळू बघत होतो, ती वाळूच होती. आणि ते कळलं त्याच घटकेला घर हातचं गेलं होतं, कारण जे नाही ते मी मुलीला आत्ता तिच्या तोंडावर वाढवून सांगितलं होतं.

“मी नाही झाडलं,” मी म्हटलं. “नोरीन, माझ्याकडं खराटासुद्धा नाही.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मिस लवॉन म्हणतात, खराटा तिच्याकडं असतो.”

“कुणाकडं?”

“तेच विचारायचं होतं. रोज उजाडताना तुम्ही अनवाणी अंगणभर हिंडता म्हणे. पुढं तुम्ही असता. तुमच्या मागं ती बाई, तुमच्याकडं पाठ करून, वाकून, उलटी चालत. तुम्ही पाऊल उचललं की ती जागा झाडते.” नोरीननं बूट पुन्हा पायात घातले. “त्यांना वाटलं तुम्ही कुणाला कामाला ठेवलंय. विचारणं बरं दिसेना. कोण आहे ती, डॅडी?”

मी विचारलं, तोंड कसं आहे तिचं. नोरीन म्हणाली, ते मिस लवॉननाही दिसलेलं नाही.

८

जेवण आम्ही केलं नाही. मी एका बॅगेत कपडे भरले. ठरलं होतं त्याप्रमाणे कुरकुर केली नाही. शिवणखोलीतून उशीचं ते अर्धवट कापड घेतलं, मागच्या दाराची कडी लावली, पुढचं दार ओढून घेतलं. बारा वाजले असतील. ऊन डोक्यावर होतं, लवॉनच्या खिडकीचा पडदा बाजूला होता.

नोरीन बॅग घेऊन पुढं निघाली. मी तिच्या मागं. महिन्याच्या अंगणाची पाटी अजून तिथंच होती, ऑगस्टनंतर ती काढायला कुणी आलं नव्हतं. चालताना माझ्या मागून काहीही ऐकू आलं नाही. फक्त घोट्यांना गार वाटलं, कुणी जवळून पंखा हलवावा तसं.

गाडीपाशी पोचून मी मान वळवून मागं बघितलं. येतानाची नोरीनची पावलं ओसरीपर्यंत गेलेली, जातानाची परत आलेली, दोन्ही ठसठशीत. त्यांच्या शेजारी, जिथून मी आलो होतो तिथं, एकही पाऊल नव्हतं. पंख्यासारख्या वळलेल्या ताज्या रेषा होत्या. ओसरीच्या पायरीपासून निघून त्या माझ्या टाचांपर्यंत आल्या होत्या आणि तिथं संपल्या होत्या. शेवटच्या रेषेतली वाळू अजून घरंगळत होती.

“काय बघताय, डॅडी?”

“काही नाही,” मी म्हटलं. “छान दिसतंय.”

नोरीननं माझ्या टाचांकडं बघितलं. मग नजर हळूहळू वर नेली, माझ्या पाठीमागं, आणि तिथंच ठेवली. बॅग तिच्या हातातून खाली आली.

“हो,” ती म्हणाली. “छान दिसतंय.” आणि तिनं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं, मग मागच्या सीटचंही उघडून धरलं.